सव्विसावं मशीन

रक्तपेढीच्या पंचवीस मशीनांबद्दल भाग्यश्री रामटेकेला सगळं ठाऊक होतं. कुठलं काय करतं, कोणाच्या ताब्यात आहे, किती वेळ बंद राहिलं तर चालेल, हे सगळं तिने एका शीटमध्ये भरून ठेवलं होतं. सव्विसाव्यापुढचे तिन्ही रकाने मात्र सहा आठवडे रिकामे होते. आता तर ती शीट उघडायच्या आधीच तिचं डोकं दुखायला लागायचं.

मशीन म्हणायचं, पण हात लावायला तिथे काही नव्हतं. सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या रक्तपेढीच्या तळमजल्यावर एका थंडगार खोलीत दोन मोठे सर्व्हर होते, आणि त्या दोघांच्या पोटात सव्वीस कॉम्प्युटर नुसत्या सॉफ्टवेअरच्या रूपात नांदत होते. एकावर पिशव्यांच्या नोंदी, एकावर तपासण्यांचे निकाल, एकावर शिबिरांचं वेळापत्रक. ज्या प्लॅटफॉर्मच्या आधाराने हा संसार चालला होता तो जुना झाला होता आणि मार्चअखेर त्याचा सपोर्ट संपत होता. तेव्हा सगळं बिऱ्हाड नव्या सर्व्हरवर, नव्या प्लॅटफॉर्मवर हलवायचं होतं. खराडीतल्या एका कंपनीने हे काम घेतलं होतं, आणि कंपनीत ते भाग्यश्रीच्या गळ्यात पडलं होतं.

भाग्यश्री मूळची भंडाऱ्याची. अकरा वर्षं पुण्यात होती, राहायला कर्वेनगरला. म्हणजे कामाला जाताना रोज अख्खं शहर आडवं कापायचं. त्या दीड तासाच्या प्रवासात ती हल्ली एकाच गोष्टीचा विचार करायची: ते सव्विसावं मशीन नेमकं करतं काय?

त्याचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. बाहेरून बघितलं तर एवढंच दिसायचं की दर दहा मिनिटांनी ते पिशव्यांच्या नोंदींमध्ये डोकावतं आणि गप्प बसतं. गेल्या महिन्यात तीन वेळा मात्र त्याने पाच-सात मोबाइलवर मेसेज पाठवले होते. कोणाला, कसले, पत्ता नाही. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक मशीनपुढे शेरा लिहायला एक चौकट असते. तिथे कोणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘बंद करू नये. बा. केंजळे.’

तिने रक्तपेढीच्या प्रशासकीय अधिकारी चैताली पोंक्षे यांना मेल केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. तिसऱ्यानंतर ती स्वतः जाऊन उभी राहिली. पोंक्षेबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, तज्ज्ञ म्हणून आपल्याला बोलावलंय ना, मग आमच्याकडे काय आहे हे आम्हालाच कसं विचारता? भाग्यश्रीने राग गिळला आणि केंजळे कोण, एवढंच विचारलं.

“होते इथे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले.”

“त्यांचा नंबर मिळेल?”

“नंबर आहे. आमचा फोन ते उचलत नाहीत.”

खराडीला तिचे साहेब दिग्विजय वाळिंबे यांना या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. दर सोमवारी ते प्रगतीच्या स्लाइड दाखवायचे आणि त्यात रक्तपेढीचं काम हिरव्या रंगात असायचं. ग्राहकाला त्यांनी एका रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन एवढी वेळ सांगून टाकली होती. भाग्यश्रीला न विचारता, अर्थात. सव्विसाव्याचं काय, असं तिने विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, सोपं आहे, बंद करून बघ. कोणीतरी ओरडेलच. जो ओरडेल तो मालक. धंद्यात असंच करतात.

“सर, ही रक्तपेढी आहे,” भाग्यश्री म्हणाली. “ज्याचं अडेल तो माणूस ओरडायच्या अवस्थेत असेलच असं नाही.”

तू फार विचार करतेस, असं म्हणून वाळिंब्यांनी पुढची स्लाइड काढली. ती दुसऱ्या कुठल्यातरी ग्राहकाची होती. तीही हिरवी.

बापूराव केंजळे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. ते कर्वेनगरातच, तिच्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहत होते. शनिवारी सकाळी ती गेली. तीन मजले चढून बेल वाजवली. दार उघडलं ते कौशल्याबाईंनी, त्यांच्या पत्नीने, आणि रक्तपेढीचं नाव ऐकताच त्या मागे वळून आत बघायला लागल्या. आतून एक उंच, वाळका म्हातारा गृहस्थ आला. पासष्टीला आलेला, पण पाठ सरळ.

भाग्यश्रीने नमस्कार करून सर म्हणून सुरुवात केली. त्यांनी तिला तिथेच थांबवलं. सर नको, मी कोणाला काही शिकवलेलं नाही, म्हणाले. मग तिने काका म्हणत सगळं सांगितलं. त्यांनी ते उभ्यानेच ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “नागपूरच्या का तुम्ही?”

“भंडारा.”

“तरीच स्वतः आलात. इथला माणूस मेल पाठवतो.”

हे चांगलं की वाईट ते तिला कळलं नाही. तेवढ्यात बापूरावांनी सांगून टाकलं, की निवृत्त होताना त्यांनी चाळीस पानांचं टिपण लिहून ऑफिसात दिलं आहे. एकूण एक गोष्ट त्यात आहे. ते वाचावं. वाचता येत असेल तर बरंच आहे. आणि ते आत निघून गेले. कौशल्याबाईंनी तिला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, निरोपाच्या दिवशी यांना कोणी साधं खाली सोडायलासुद्धा आलं नव्हतं. तेव्हापासून हे असं.

सोमवारी ती पुन्हा सदाशिव पेठेत. खराडीहून तिथे यायचं, गाडी लावायला जागा शोधायची, न सापडल्याने लांब कुठेतरी लावून चालत यायचं, यातच दुपार गेली. पोंक्षेबाईंना टिपणाबद्दल विचारलं. त्यांना ते आठवलं, हे एक नवलच. पण दोन वर्षांपूर्वी ऑफिस कागदमुक्त झालं होतं. सगळ्या फायली स्कॅन झाल्या, मूळ कागद रद्दीत गेले. स्कॅन केलेल्या फायली कुठे आहेत? कॉम्प्युटरवर. कुठल्या? ते कॉम्प्युटरवाल्यांनी बघावं.

कॉम्प्युटरवालीने बघितलं. दोन तास बघितलं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी वाट काढत ती शेवटी पोचली आणि स्क्रीनवर पासवर्ड मागणारी चौकट आली. स्कॅन ठेवायला जिथे जागा रिकामी दिसली तिथे ते कोणीतरी ठेवून दिले होते, आणि ती जागा सव्विसाव्या मशीनवर होती. तिथे ठेवायला पासवर्ड लागत नव्हता, उघडायला लागत होता. मशीनचा पासवर्ड टिपणात, आणि टिपण मशीनमध्ये.

भाग्यश्री सर्व्हरच्या खोलीतून बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. आईचा फोन येत होता, तो तिने घेतला नाही. घेतला असता तर उगाच आईवर चिडली असती. समोरून रक्तदान करून आलेला एक माणूस बिस्किटाचा पुडा हातात धरून गेला. त्याने तिलाच चक्कर आली असावी असं समजून विचारपूस केली आणि एक बिस्कीट पुढे केलं. तिने ते खाल्लं.

त्याच संध्याकाळी ती पुन्हा तीन मजले चढली. आता तिला रागलोभ सांभाळायचा कंटाळा आला होता. दारातच तिने सांगून टाकलं, की तुमचं टिपण रद्दीत गेलं, त्याची प्रत तुमच्याच मशीनमध्ये अडकली आहे, येत्या रविवारी ते मशीन हलवायचं आहे, आणि माझे साहेब म्हणतात बंद करून बघ.

 बापूरावांनी एकच शब्द उच्चारला : “रद्दीत?”

“हो.”

“आत या. बसा.”

मग त्यांनी सांगितलं. काही माणसांचा रक्तगट फार दुर्मीळ असतो. त्याला बॉम्बे गट म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण या माणसांना ओ गटाचं रक्त चालत नाही, दिलं तर जिवावर बेततं. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याचंच रक्त लागतं. रक्तपेढीच्या आधीच्या डॉक्टरांबरोबर बापूरावांनी वीस वर्षांत अशी एकसष्ट माणसं शोधली होती. पुणे, सातारा, सोलापूर. एक सापडला की त्याच्या भावाबहिणींची तपासणी करायची, कारण हा गट भावंडांत सापडतो. त्यासाठी ते जीपने गावोगाव फिरले होते. त्या सगळ्यांची यादी, कोणी शेवटचं कधी दिलं, पुन्हा कधी देऊ शकेल, हे त्या मशीनवर होतं. कुठल्या हॉस्पिटलची मागणी आली आणि नोंदीत ठरलेली खूण पडली, की मशीन आपण होऊन पात्र दात्यांना मेसेज पाठवायचं.

“आणि नवं सॉफ्टवेअर?” भाग्यश्रीने विचारलं. “ते पाच वर्षांपूर्वी आलं ना?”

“त्यात गट निवडायला चारच पर्याय आहेत. आमची सगळी माणसं त्यात ओ आहेत. मी लेखी कळवलं होतं. टिपणातही होतं. पान एकतीस.”

 मशीन बंद केलं असतं तर कोणीही ओरडलं नसतं. नुसते मेसेज गेले नसते, आणि दाते मिळाले नाहीत एवढंच सगळ्यांना वाटलं असतं.

तिने पासवर्ड मागितला. बापूराव म्हणाले, पासवर्ड सांगण्याची गोष्ट नाही. रविवारी येऊन मी स्वतः टाकीन. ती कळवळून म्हणाली, आधी मिळाला तर नव्या प्लॅटफॉर्मशी जुळवून घेणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आत घालून ठेवता येतील, रविवारी तारांबळ होणार नाही. ते हलले नाहीत. बरं, यादीची एक प्रत तरी? यादी त्या प्रोग्रामशिवाय उघडत नाही, आणि प्रोग्राम त्या मशीनशिवाय चालत नाही. जिना उतरताना तिला वाटलं, या शहरात प्रत्येकाने आपल्यासाठी एकेक कुलूप राखून ठेवलंय.

रविवारी ती साडेआठलाच हजर होती. पोंक्षेबाई पावणेदहाला आल्या, कागदावर सुरुवातीची वेळ घातली, भाग्यश्रीची सही घेतली आणि बजावलं, “दोन म्हणजे दोन.” वाळिंबे साहेब घरूनच फोनवर होते. दर अर्ध्या तासाला स्टेटस विचारत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर अर्धंच ऐकून ‘गुड गुड’ म्हणत होते.

मशीन हलवणं म्हणजे ते बंद करायचं, त्याची फाइल नव्या सर्व्हरवर उतरवायची आणि तिथे चालू करायचं. बऱ्याचशा मोठ्या फाइलींची प्रत तिने आठवडाभर आधीपासूनच उतरवत आणली होती, त्यामुळे आज नुसता शेवटचा फरक जायचा होता. पंचवीस मशीनं साडेअकरापर्यंत नव्या घरी गेली. दोन कुरकुरली, एकाने नेटवर्कवरचा आपला पत्ता हरवला, तो तिने परत दिला. पिशव्यांच्या नोंदी उघडल्या, तपासण्यांचे निकाल दिसले. वरच्या मजल्यावर ड्युटीवर असलेल्या तंत्रज्ञ ऋतुजा घोरपडेने सगळं चालवून बघितलं आणि ठीक आहे म्हणून सांगितलं.

बापूराव सव्वाअकराला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दहाला सांगितलं होतं. पोंक्षेबाई आणि ते जिन्यात समोरासमोर आले तेव्हा दोघांनीही एकमेकांना फक्त “हं” केलं. मग खोलीत येऊन त्यांनी भाग्यश्रीला तोंड फिरवायला लावलं आणि पासवर्ड टाकला.

तिने घाईने ड्रायव्हर आत घातले. ऋतुजाला वर जाऊन सांगितलं, की तासभर दुर्मीळ गटाचे मेसेज जाणार नाहीत, तशी मागणी आलीच तर आधी मला सांग. ऋतुजा चकित झाली. ते मेसेज नवं सॉफ्टवेअर पाठवतं, असंच ती नोकरीला लागल्यापासून समजत होती. मग भाग्यश्रीने सव्विसावं मशीन बंद केलं आणि प्रत सुरू केली. याची प्रत आधी उतरवता आली नव्हती. इतक्या जुन्या मशीनला चालू असताना हात लावायची तिची हिंमत झाली नव्हती.

पाऊण तासाने ते नव्या सर्व्हरवर सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर अडकलं. ड्रायव्हर चुकीचा. तो दुरुस्त केला. मशीन उठलं, पण बापूरावांचा प्रोग्राम उठेना. म्हणे, हे मशीन ओळखीचं नाही. बापूरावांनी डोक्याला हात लावला. प्रोग्रामचा परवाना नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधलेला होता, कोणी चोरू नये म्हणून. नव्या प्लॅटफॉर्मने मशीनला नवं कार्ड दिलं होतं, म्हणजे नवा क्रमांक.

“हे तरी आधी सांगायचं, काका.”

“टिपणात होतं.”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. बोलली असती तर फार बोलली असती. जुना क्रमांक हाताने घालता येतो, पण आधी तो सापडायला हवा, आणि मग प्रोग्रामने तो मान्य करायला हवा. ती सेटिंगमध्ये शोधायला लागली, आणि तेवढ्यात ऋतुजा धापा टाकत खाली आली.

एका प्रसूतिगृहातून फोन आला होता. सिझेरियन झालेल्या बाईला रक्तस्राव होत होता. गट ओ लिहिलेला, पण ओ गटाची एकही पिशवी जुळेना. तिथून आलेला नमुना ऋतुजाने पुन्हा तपासला होता. बॉम्बे गट. पेढीत एकही पिशवी नव्हती. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत कसंबसं निभावेल असं सांगितलं होतं.

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. बापूरावांनी खिशातून फोन काढला आणि पाठ असलेला एका दात्याचा नंबर लावला. तो अस्तित्वात नव्हता. दुसरा लावला. पलीकडे कोणीतरी बोललं, बापूराव ऐकत राहिले, मग “कधी?” असं विचारलं आणि फोन ठेवला. कोंडीराम गेला, म्हणाले. दोन वर्षं झाली. मुलगा बोलत होता. तिसरा नंबर लावायला त्यांनी बोट उचललं, पण आकडे आठवेनात.

भाग्यश्रीपुढे दोन वाटा होत्या. हातातलं पुरं करायचं. दहा मिनिटांत होईल, कदाचित तासाने होईल, कदाचित होणारच नाही. नाहीतर नवी प्रत बंद करून जुन्या सर्व्हरवरचं मूळ मशीन पुन्हा चालू करायचं. ते अजून तिथे जसंच्या तसं होतं. पण एकदा ते चालू झालं की नवी प्रत शिळी झाली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि दोनची वेळ केव्हाच हुकली असती.

त्याच वेळी वाळिंब्यांचा फोन आला. तिने थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, “हे बघ, मागे नको येऊस. दहाच मिनिटं दे त्याला. वेळेत बसलं पाहिजे.”

“सर, मी जुनं चालू करतेय.”

“भाग्यश्री, ऐक...”

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. नवी प्रत बंद केली, ती पुरती बंद झाल्याची खात्री केली, आणि मूळ मशीन चालू केलं. ते मशीन फार जुनं होतं. उठायला त्याने सहा मिनिटं घेतली.  पासवर्डची चौकट आली तेव्हा बापूराव पुढे झाले, आणि या वेळी तिला तोंड फिरवायला सांगायचं विसरले.

यादी उघडली. एकसष्ट नावं. त्यातली पात्र सात. ऋतुजाने वर जाऊन नोंदीत खूण टाकली, दहा मिनिटं वाट बघायची कोणाचीच तयारी नव्हती म्हणून बापूरावांनी मेसेज हातानेच सोडले, आणि लगेच दोघं-तिघं मिळून एकेका नंबरला फोनही करायला लागले. फुरसुंगीच्या गोदाबाई मुलीकडे नाशिकला होत्या. एकाचा फोन बंद. चौथा फोन भाग्यश्रीने लावला. नाव संभाजी हरपळे, लोणी काळभोरजवळचा.

“मेसेज बघितला म्याडम,” तो म्हणाला. “निघालोच हाय. गाडीवर हाय, ठिवतो.”

तो पन्नास मिनिटांत पोचला. शेतातल्या कामाच्या कपड्यांवरच आला होता, पायाला माती. त्याच्या धाकट्या बहिणीचाही हाच गट होता, तिला पुतण्याबरोबर मागून यायला सांगितलं होतं. बापूरावांना बघून त्याने वाकून नमस्कार केला. अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने त्याच्या घरी जीप घेऊन येऊन सगळ्या भावंडांचं रक्त तपासलं होतं. सायेब, तुमी लय वाळला, असं तो म्हणाला, आणि बापूरावांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

पोंक्षेबाई दोन वाजता सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात सहीचा कागद होता. भाग्यश्री तेव्हा प्रत पुन्हा पहिल्यापासून लावत होती. यादीतली नावं आणि नंबर तिने आधी बापूरावांकडून एका वहीत उतरवून घेतले होते, दोन प्रतींत. त्यांनी ते टपोऱ्या अक्षरात लिहून दिले होते आणि खाली तारीख घातली होती.

“किती वेळ?” पोंक्षेबाईंनी विचारलं.

“दोन तास. जास्तही लागतील. मला वेळ वाढवून हवी आहे. मिळाली नाही तरी मी थांबणार आहे.”

पोंक्षेबाईंनी घड्याळ बघितलं, कागद बघितला, मग खुर्चीत बसलेल्या बापूरावांकडे बघितलं. “जेवलात का कोणी?” त्यांनी विचारलं. कोणीच जेवलं नव्हतं. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने शिपायाच्या हाती तीन ताटं आली.

चार वाजून वीस मिनिटांनी सव्विसावं मशीन नव्या प्लॅटफॉर्मवर उठलं. जुना क्रमांक तिने हाताने घातला होता. प्रोग्रामने मशीनला ओळखलं. संभाजीच्या रक्ताच्या तपासण्या सव्वापाचला पुऱ्या झाल्या आणि पिशवी प्रसूतिगृहाकडे रवाना झाली. त्याच्या बहिणीची पिशवी सातला गेली. सोमवारी सकाळी ऋतुजाने कळवलं, की बाई धोक्याबाहेर आहे, मुलगी झाली आहे, आणि नवरा कोणाकोणाला पेढे पाठवू म्हणून विचारत होता. भाग्यश्री तेव्हा चंदननगरच्या चौकात अडकली होती. तिने मेसेज दोनदा वाचला. मागच्याने हॉर्न वाजवून वाजवून तिचे कान किटवले तेव्हा ती पुढे सरकली.

ऑफिसात तिच्या आधी अहवाल पोचला होता. नियोजित वेळेपेक्षा दोन तास वीस मिनिटं उशीर. स्लाइडवर रक्तपेढीचं काम पहिल्यांदाच लाल झालं होतं. मीटिंगमध्ये वाळिंब्यांनी शांतपणे विचारलं, की मागे फिरायचा निर्णय तिने एकटीने का घेतला. त्यांचा आवाज समजूतदार होता, आणि तोच तिला जास्त लागला.

“सर, त्या बाईला मी दोनपर्यंत थांबायला सांगायला हवं होतं का?”

टेबलाभोवतीची माणसं आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागली. तसा प्रश्न नाही, असं वाळिंबे म्हणाले. प्रश्न प्रक्रियेचा आहे. ग्राहकाची माफी मागायला हवी. पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं, आणि ते भाग्यश्रीच्या नावाने पाठवायला लावलं. नियोजित कालमर्यादेचा भंग झाल्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे, वगैरे.  तिने पत्र पाठवलं आणि पॅन्ट्रीत जाऊन ती उगाचच तीन पेले पाणी प्याली.

रकाने भरायचं काम मात्र तिने त्याच दुपारी उरकलं. मालक म्हणून ऋतुजाचं नाव लिहिलं, तिला विचारून. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पाचवा पर्याय घालायला विक्रेत्याने सहा आठवडे मागितले होते, तेव्हा तोपर्यंत सव्विसावं आहे तिथे चालणार होतं. बुधवारी बापूराव ऋतुजाला सगळं समजावून द्यायला रक्तपेढीत आले. त्यांचं टिपण मशीनमधून निघालं होतं. त्यांनी ते पुन्हा छापून घेतलं, ऋतुजाकडून वाचून घेतलं आणि तिच्या नव्या नोंदींमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढल्या. ऋतुजाने वैतागून भाग्यश्रीला फोन केला. हे काका रोज येणार आहेत का, असं तिने विचारलं. भाग्यश्री म्हणाली, येऊ दे. आणि पासवर्ड बदलून घे आजच्या आज.

गुरुवारी पोंक्षेबाईंचं उत्तर आलं. मेल वाळिंब्यांना होता, भाग्यश्रीला प्रत. दोनच ओळी होत्या, मराठीत.

‘आपले दिलगिरीचे पत्र मिळाले. दिलगिरी नेमकी कशाबद्दल, हे कळवावे, म्हणजे तशी नोंद ठेवता येईल.’

वाळिंबे लॅपटॉप उघडा घेऊनच तिच्या जागेपाशी आले. या बाईंना आता काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. त्या चिडल्यात, की काय आहे, त्यांना कळत नव्हतं. भाग्यश्रीने मेल पुन्हा वाचला. सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचा ताण जरासा सैल झाला.

“बघा सर, काय सुचतंय ते,” ती म्हणाली, आणि डबा घेऊन जेवायला गेली.